फाटकाजवळच्या रेघा

अक्कानं मला देवनागरी शिकवली ती हट्टानं. आमच्या घरात मराठी बोलत सगळेच, पण वाचता येई ती आम्हा बहीणभावांनाच. माझ्या बायकोमुलांना ही अक्षरं येत नाहीत. म्हणूनच बहुधा हे लिहायचा धीर होतोय.

तंजावुरात तेव्हा पुलांचे दिवस सुरू झाले होते. स्कूटरी वाढल्या, बसगाड्या वाढल्या. रेल्वेची फाटकं बंद करायची आणि वरून उड्डाणपूल न्यायचा. मी रस्त्यांच्या कचेरीत आराखडे काढायला नवा लागलेला. आमच्या घराजवळच्या फाटकावरही पूल व्हायचा होता. पहिल्या आराखड्यात त्याच्या बाजूला, रुळांखालून, सायकलींसाठी वेगळी वाट होती. ती माझ्याच हातची. अक्का रोज त्याच फाटकातून सायकलनं पलीकडच्या शाळेत शिकवायला जाई. लग्न केलं नाही, शाळा हाच तिचा संसार. वाटेचं सांगितलं तर म्हणाली, "उतार बेतानं ठेव हं. गुडघे माझे आहेत, तुझ्या साहेबाचे नाहीत."

आराखडा पक्का होण्याआधी फाटकातून जाणारी वाहनं मोजायची होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. फाटकाशी झाडाखाली खुर्ची टाकून मी बसलो. एका सायकलीला एक उभी रेघ, पाचवी आडवी. शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला सायकलींचा नुसता लोंढा. दहा वाजेतो बोटं दुखायला लागली. एका मित्राकडे नुकतीच केबल आली होती, त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. मी उठून गेलो.

संध्याकाळी घरी कॉफी पीत उरलेले रकाने भरले. बस, लॉऱ्या अंदाजानं ठीक बसल्या. सायकलींच्या रेघा ओढायचा मात्र कंटाळा आला. थोड्या ओढल्या, म्हटलं पुरे.

साहेबांनी तक्ता पाहिला. "सायकली एवढ्याच? मग वेगळी वाट कुणासाठी हो?"

मी आराखडा घेऊन माझ्या टेबलाशी आलो. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई पुसली जात नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. ती वाट खरवडायला मला सबंध दुपार लागली. साहेब शेजारच्याच खोलीत होते.

पूल झाला, फाटकाच्या जागी भिंत आली. सायकली बसगाड्यांच्या मधून वर चढू लागल्या. अक्का चढावर उतरून सायकल ढकलत नेई. घरी येऊन मला चिडवी, "तुझा पूल म्हणजे पळणीचा डोंगर रे. वर मुरुगन देव तेवढा बसवायचा राहिला." सगळे हसत. मीही हसे.

दुसऱ्या पावसाळ्यात ओल्या उतारावर एका बसची मागची बाजू तिच्या हँडलला लागली. जीव वाचला, कंबर गेली. शाळेतली नोकरी सुटली. तेव्हापासून ती ओसरीवरच्या खुर्चीत असते. सायकल तिनं विकू दिली नाही. टायरांना चिरा पडल्यात. त्या पुलावरून जाताना मी अजून मान खाली घालून जातो. बाया सायकली ढकलत असतात.

गेल्या महिन्यात आणखी एका पुलाची बातमी आली. पेपर वाचता वाचता अक्कानं विचारलं, "यात सायकलींना वाट आहे का रे?"

आणि मी सांगून टाकलं. सामना, रेघा, ब्लेड, सगळं.

तिनं पेपराची घडी केली.

"त्या दिवशी दुपारच्या सुटीत तुझ्यासाठी दहीभात घेऊन आले होते मी," ती म्हणाली. "खुर्ची होती. तू नव्हतास."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, नोकरी नवी आहे, जाईल. मग वाटलं, तूच सांगशील." तिनं रस्त्याकडे पाहिलं. "सकाळी घंटी वाजवून गेले, तेव्हा मोजलंस मला. हात हलवलास तू. संध्याकाळी परत आले, ती रेघ ओढलीस का रे?"

मला ते माहीत नाही. खरंच माहीत नाही.