जाळीतला गुलाल

धाकट्या भावाची मोटारसायकल मी चालवते आणि ती लय तापते, असं नुसतं बोलायचा अवकाश, की लोक शहाणपण शिकवायला लागायचे. ऑइल बदला. कूलंट बघा. बाईमाणसाला एवढी दांडगी गाडी कशाला, स्कूटर घ्या. अरे, मला काय कळत नव्हतं का? गाडी का तापते ते मला चांगलं ठाऊक होतं. तिच्या रेडिएटरच्या जाळीत माझ्या भावाच्या हातचा गुलाल बसला होता, आणि आई तो धुऊ देत नव्हती.

आमचं गाव म्हसवडच्या शिवेला लागून. भाऊ सैन्यात होता. रथाच्या यात्रेला सुट्टी काढून आला आणि येतानाच नवी गाडी घेऊन आला. यात्रेदिवशी सकाळी धुऊन पुसून रथापाशी नेली, सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हटलं आणि ओंजळ भरून गुलाल तिच्या तोंडावर मारला. जाळी अजून ओली होती. गुलाल आत जाऊन बसला तो बसलाच. आमच्याकडं देवाचा गुलाल धुऊन काढत नाहीत. केसातला असो, सदऱ्यावरचा असो, आपसूक जाईल तेव्हा जाईल. त्यामुळं जाळीला पाणी मारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

वडिलांची जुनी गाडी मी कॉलेजपासून चालवायचे. तिच्या इंजिनाला बाहेरून पाकळ्या होत्या, त्यांना वारा लागला की ती निवायची. ही गाडी वेगळी. वडील गेल्यापासून घरात मला शिकवणारं कुणी उरलं नाही, म्हणून धाकटा असून त्यानंच मागं बसून माझी शिकवणी घेतली.

"आक्के, हिच्या अंगात पाणी फिरतं. इंजिनाभवती फिरून तापतं, पुढच्या जाळीत येतं, वाऱ्यानं निवतं आन परत आत जातं. गाडी हुबी असली, वारा न्हाई लागला, की जाळीमागचा पंखा आपसूक सुरू हुतो. चावी काढली तरी जरा वेळ फिरत ऱ्हातो. त्याला भ्यायचं न्हाई."

"मग भ्यायचं कवा?"

"लाल दिवा लागला की. तवा गाडी तिथंच कडंला घ्यायची, बंद करायची. आन झाकण उघडायला जाऊ नगंस, वाफ तोंडावर ईल. आधीच तोंड असलं, त्यात भाजलं तर झालंच कल्याण."

मी त्याला चप्पल फेकून मारली. सुट्टी संपली, तो पलटणीत परत गेला. माघात बातमी आली, बर्फात त्यांची लष्करी गाडी दरीत गेली. मग पेटी आली. सोबतच्या जवानांनी हात जोडून सांगितलं, उघडू नका, बघवणार नाही. सगळं गाव लोटलं, सलामी झाली, आणि आईला पोराचं तोंड दिसलं नाही. तिनं फक्त पेटीच्या फळीवरून हात फिरवला, भिंत चाचपावी तसा.

त्यानंतर ती गाडीपुढं जाऊन बसायला लागली. जाळीकडं बोट करून सांगायची, "ही त्याची ओंजळ हाय." आल्यागेल्याला सांगायची. गाडी मला चालवायला दिली तीही तिनंच, उभं लोखंड सडतं म्हणून. अट एकच, जाळीला हात लावायचा नाही. मी मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. शनिवारी गावाकडं यायचं आणि सोमवारी पहाटे परत, असं सुरू झालं.

पहिल्याच शनिवारी दिवेलागणीला अंगणात गाडी लावली, चावी काढली आणि चपला काढायला वाकले. मागं पंखा घुंऽऽ करून सुरू झाला. आई पिठाच्या हातानं बाहेर आली. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं. गाडीकडं बघून म्हणाली, "आलास व्हय?"

"आये, आगं पाणी तापलंय आतलं, म्हनून पंखा..." मी सांगत होते आणि ती गाडीच्या कडेला बसली सुद्धा. बाजूनं गरम वारा येत होता, त्यात तिनं हात धरला. त्या वाऱ्याला गुलालाचा वास होता. खोटं कशाला सांगू, मलाही आला. पंखा थांबला तशी ती उठली आणि भाकरी थापायला गेली.

मग तो नेमच झाला. मी यायच्या वेळेला ती उंबऱ्यावर बसलेली. पंखा लागला तर दोन घास जास्त जेवायची. नाही लागला तर, "आज काय बोलला न्हाई," म्हणून अर्ध्या भाकरीवर उठायची. एकदा तर म्हणाली, "जरा आनखी तापू दे की." माझं डोकंच फिरलं. "आये, इंजिन हाय का चूल?" म्हणून मी ओरडले. तरी गाडी चालू ठेवून अंगणात उभी केलीच. तिचं तोंड बघवत नव्हतं मला.

आणि माझं तरी काय होत होतं? मिरजेच्या रेल्वे फाटकाला गाड्यांच्या गर्दीत मी थांबलेली असायचे, आणि पायाशी पंखा सुरू व्हायचा. पोटऱ्यांना गरम वारा लागला की मी मान वळवून मागच्या सीटवर बघायचे. दर वेळी. मला माहीत होतं मागं कुणी नाही, तरी बघायचे.

पावसाळ्यात जाळीचं आणखी वाटोळं झालं. माणदेशाची धूळ, किडे, वरून रिपरिप. गुलाल लिंपल्यासारखा घट्ट झाला. वारा आत शिरायला जागाच उरली नाही. पंखा लवकर लागायचा, उशिरापर्यंत चालायचा. आई खुश. "आता लय येळ थांबतोय माझ्यापाशी." आणि मला धडकी भरायची. तो जितका जास्त वेळ थांबायचा तितकी त्याची गाडी मरणाच्या दारात जात होती, आणि हे तिला सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

ऑक्टोबरच्या उन्हात आईला डोळे दाखवायला मिरजेला न्यायचं ठरलं. एसटीनं जाऊ म्हणाले तर, "त्याच्या गाडीवरनं न्हेत असशील तर येते, न्हाईतर ऱ्हाऊ दे डोळं." झालं, बसवलं मागं. आटपाडी सोडून घाटाच्या चढाला लागलो तर पुढं एक भरलेला ट्रक, मुंगीच्या पायानं चाललेला. वाट देईना. पंखा केव्हाचा बोंबलत होता. मग गोडसर, जळकट वास आला, आणि लाल दिवा लागला.

गाडी कडेला घेतली, बंद केली. जाळीतून वाफ निघत होती. आईनं पिशवीतली बाटली काढून तिच्यावर धरली, मी तिचा हात पकडला. "आगं, तापलेल्या लोखंडावर गार पाणी? तडकंल ते!" बाभळीच्या सावलीला बसलो. आणि मग मी सांगून टाकलं. लॅबमध्ये पेशंटच्या माणसांना सांगते तसं नाही, सरळ.

"आये, जाळी बंद झालीया. आतलं पाणी निवतच न्हाई. असंच चालवलं तर इंजिन जाम हून बसंल, मग ही गाडी भंगारात. गुलाल ठेव न्हाईतर गाडी ठेव. दोन्ही न्हाई ऱ्हायाचं."

तिनं गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "गुलाल म्हंजी त्यो, आन गाडी म्हंजी बी त्योच. मला काय इचारतीस?"

शेजारी डाळिंबाची बाग होती. थोड्या वेळानं आई आपणहून उठली, बागेतल्या बाईकडं गेली आणि पाण्याची बादली, तांब्या मागून आणला. मी इंजिनाला हात लावून बघितला, आता चटका सोसवत होता. मी हात पुढं केला तर म्हणाली, "बाजूला सर तू."

ती जाळीपुढं मांडी घालून बसली. वरून बारीक धारेनं पाणी सोडायची आणि बोटांच्या शेंड्यांनी चोळायची.

"हळू, जाळीच्या पाकळ्या वाकत्याल," मी म्हणाले.

"मला शिकवतीस? तुमा दोघास्नी न्हाऊ कुणी घातलं?"

आधी चिखल आला. मग गुलाल सुटला. लाल पाणी पुढच्या चाकावरून खाली आलं आणि धुळीत मुरत गेलं. तिनं ते अडवलं नाही, कपाळाला लावलं नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू येत नव्हतं. चाकाच्या कडा चोळल्या, टाकी चोळली, आरशामागं हात घातला. तिथं कुठं गुलाल नव्हता. मी म्हणाले, "आये, झाली गं जाळी साफ. बास की."

ती चोळतच राहिली.

"पेटी उघडू दिली न्हाई मला. आंघुळ ऱ्हायलीवती त्याची."

ट्रक जात होते, येत होते. तिनं बादलीत उरलेल्या पाण्यानं तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"घाल. भन हाईस तू त्याची."

मी घातला.