जिवंत उदाहरण

"खा."

सरांनी कैरीची फोड माझ्या तोंडापाशी धरली होती. तिखट-मीठ लावलेली. ब्रह्मपुरीतला एम.ए.चा वर्ग, मी बाकापाशी उभी. पोरींनी डबा फिरवला तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, "आमच्या गावचा पंडुम व्हायचा हाय, मी नाई खात." पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. तो झाल्याशिवाय आमच्या अहेरीकडच्या गावात कैरीले कोणी हात लावत नाई. सरांनी ते दारातून ऐकलं होतं.

मी तोंड उघडलं नाई. सर वर्गाकडे वळले.

"बघा. अंधश्रद्धेचं जिवंत उदाहरण."

सगळा वर्ग हसला. जिचा डबा होता तीही हसली. मीठ माझ्या ओठाले लागलं होतं अन् ते पुसायचीही लाज वाटून राह्यली होती. त्याच तासाले सरांनी निबंध दिला, 'आदिवासींच्या रूढी'.

रागारागात लिहिला. आमचे लोक अडाणी नाईत, पंडुम व्हायच्या आधी कैरी कोणीच कधी तोडत नाई, असं बरंच काही. परत आला. लाल शाईत एकच शब्द, कशावरून? दुसऱ्यांदा लिहिलं, माझी माय सांगते. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. "आई म्हणजे पुरावा नव्हे, बाळ." पुन्हा हशा. मले हसले ते हसले, माझ्या मायले हसले. ते मी विसरली नाई.

हॉस्टेलवर निबंध फाडायले घेतला अन् थांबली. च्यामायले, प्रश्न तर बरोबर हाय! माणूस हलकट, पण प्रश्न बरोबर.

सुट्टीत गावी गेली अन् मायलेच विचारलं, काऊन नाई खायची? माय भडकली. "शिकून आली अन् देवाले जाब विचारतं का वं?" मग म्हणे, आधी पेनाले द्याचं, तो आपला देव, मग आपण. काका म्हणे, कोय धरू द्याची म्हणून. दोघांचं दोन तऱ्हेचं. मी दोन्ही लिहून घेतलं. वरून काका हसत सांगते, "लहानपणी चोरून लय खाल्ल्या, पोरी." म्हणजे 'कोणीच कधी तोडत नाई' हे माझं वाक्य खोटं. माझं सगळ्यात आवडतं वाक्य! मीच कापलं. जीवावर आलं, पण कापलं.

मग त्याच डोळ्यानं सरांचं पुस्तक उघडलं. हो, सरांचं स्वतःचं, आम्हाले अभ्यासाले लावलेलं. त्यात छापलं होतं, 'हे लोक भीतीपोटी नवे फळ खात नाहीत.' कोणाले विचारलं? कोणत्या गावात? खाली काहीच नाई. ना माणसाचं नाव, ना गावाचं. मले इतका आनंद झाला का विचारू नका.

सेमिनारले बाहेरचे पाहुणे आले होते. सर मधल्या खुर्चीवर. मी निबंध वाचला, शेवटी सरांचं वाक्य वाचलं, पान सांगितलं अन् म्हटलं, "सर, कशावरून?"

"खाली बस."

"बसते. पण कशावरून?"

पाहुणे सरांकडे पाहू लागले. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला अन् न पिताच ठेवला. त्यायचे कान लाल झाले होते. मले गोड वाटलं, खोटं काऊन बोलू? त्या दिवशी वर्गातलं एकही पोरगं हसलं नाई.

मार्क काठावर दिले. द्या. ते वाक्य अजून तसंच छापलेलं हाय, नवे पोरं ते पाठ करून राह्यले. मी आता अशाच पुस्तकांवर पीएच.डी. करून राह्यली. जिथी जिथी आम्ही 'हे लोक' हाओ, तिथी मी पोचणार, अन् पहिलं पुस्तक सरांचंच. ते रिटायर होवोत, म्हातारे होवोत, मी सोडणार नाई. उद्या दारात येऊन म्हणतील, चुकलं माझं. मी त्यायले आत घेणार नाई. उंबऱ्यावरच विचारीन, कशावरून?