एकशे बारावं पान

हेडली थॉर्नबरोने यादी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा सातव्या पुस्तकावर थांबला.

यादी टेरियर क्लबच्या पत्रकासाठी होती. ऑगस्टच्या मेळाव्यात दरवर्षी चार पानांचं पत्रक वाटलं जाई. यंदा सेक्रेटरी स्टॅन फॉसेटच्या मनात आलं, शेवटच्या पानावर वाचण्याजोगी पुस्तकं द्यावीत. खोऱ्यात शहरातली माणसं घरं घेऊ लागली होती. ती टेरियर पाळत, आणि कुत्र्याने सोफा फाडला की स्टॅनला फोन करत. यादी कुणी करायची हे ठरवावं लागलंच नाही. हेडलीने पाटीच्या दगडाच्या खाणीत एकेचाळीस वर्षं काढली होती, टेरियर पन्नास वर्षं पाळले होते, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर त्याची कुत्र्यांवरची पुस्तकं ओळीने उभी होती. सगळी वाचलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेली.

प्रत्येक पुस्तकापुढे त्याने एकदोन वाक्यं लिहिली होती. पहिलं एका गुरांच्या डॉक्टरचं. 'जखमा आणि पंजे यांसाठी हे घ्या. स्वभावावर लिहिलेलं सोडून द्या, लेखकाला कुत्रे आवडत नाहीत.' दुसरं शिट्टीवर कुत्रा परत बोलावण्याबद्दल. 'सांगितलं तसं रोज दहा मिनिटं केलं तर उपयोग. रविवारी एकदम तासभर केलं तर काही नाही.' चौथं वेल्समधल्या एका कोळसा खाणवाल्याचं. 'बिळावर खणायचं कसं हे या माणसाला कळतं. माती कुठे टाकायची हेही सांगतो, बाकीचे विसरतात.' सहाव्यापुढे लिहिलं होतं, 'चित्रं चांगली. लेखकाने फावडं धरलेलं नाही.'

आठवं पुस्तक फळीवर होतं, यादीत नव्हतं. ते बाईंचं होतं.

बाई म्हणजे ॲग्नेस रौटलेज. खोऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी शिकारीमागे डोंगर चढल्या. घोड्यावरून शिकार करायला इथे जागाच नाही. सगळे पायीच जातात. कोल्हा धोंड्यांच्या ढिगात शिरला की मोठे कुत्रे बाहेर उभे राहून ओरडतात, आणि मग टेरियर, म्हणजे बिळात शिरणारे लहान कुत्रे, आत सोडतात. बाईंनी हे सगळं पाहून, विचारून, वहीत टिपून पुस्तक केलं. उत्तरेत कामाचा टेरियर बाळगणाऱ्या बहुतेक घरांत ते सापडे.

शनिवारी स्टॅन यादी न्यायला आला. पोस्टमन असल्यामुळे खोऱ्यातलं प्रत्येक घर त्याच्या पायाखालचं होतं; दार वाजवायची त्याला सवय नव्हती. त्याने चहा ओतून घेतला, खुर्चीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याला उठवून स्वतः बसला आणि कागद वाचला.

"सातच?"

"सात पुरे."

"आणि बाईंचं?"

हेडलीने चुलीत लाकूड सारलं.

"म्हाताऱ्या, लाजाळू कुठला," स्टॅन म्हणाला. "एकशे बाराव्या पानावर तू आहेस म्हणून पुस्तकच गाळायचं? उद्या देवाचं पुस्तकही गाळशील, त्यात हेडली नाव आलं तर."

"त्यात नाहीये."

"तेच म्हणतो, त्यात नाहीस, यात आहेस. ऐक, कमिटीने ठरवलंय. बाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या. मेळाव्यात त्यांना खुर्चीत बसवायचं, आणि ते पान तू वाचायचं. माईकवरून."

"मी नाही वाचणार."

"मग मी वाचतो, तू नुसता शेजारी उभा राहा. माझा बाप तिथे होता, हेडली. त्याचं बोट त्या ढिगाऱ्यात गेलं. मरेपर्यंत ते थोटूक वर करून सांगायचा, हे थॉर्नबरोच्या कुत्रीसाठी दिलं. अभिमानाने सांगायचा." स्टॅन उठला. "यादी बुधवारी नेतो. आठ पुस्तकं."

तो गेल्यावर हेडलीने पुस्तक काढलं. एकशे बारावं पान शोधावं लागलं नाही. बाईंनी नाव दिलं नव्हतं. 'आमच्या खोऱ्यातल्या एका खाणकामगाराची लहान कुत्री धोंड्यांखाली अडकली. तो तीन रात्री, फेब्रुवारीच्या थंडीत, ढिगाऱ्यापाशी बसून राहिला. कुत्री मिळाली नाही. पण टेरियर पाळायचा तर आधी या माणसासारखं थांबता आलं पाहिजे.' नाव नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. या पानामुळेच लोक कुत्रे दाखवायला त्याच्या दारात येत. या पानामुळेच यादी त्याच्याकडे आली होती.

त्या तीन रात्रींतल्या दोन खऱ्या होत्या.

एकसष्ट सालची गोष्ट. कुत्रीचं नाव टीझल, वय अकरा महिने. त्या वयात आत सोडू नये हे त्याला तेव्हाही कळत होतं; पण मागच्या आठवड्यात बिळातल्या कोल्ह्यावर ती एकदा चांगली भुंकली होती आणि त्याने चारचौघांत बढाई मारली होती. दुपारी ती धोंड्यांत शिरली. कोल्हा दुसरीकडून निसटला, शिकारीची माणसं आणि मोठे कुत्रे त्याच्यामागे पलीकडच्या डोंगरावर गेले, आणि हेडली एकटा राहिला. आतून तिचा आवाज येत होता. त्याने पहारीने चार धोंडे हलवले, पाचवा हलला नाही. अंधारायला लागलं, हात बधिर झाले, पाय भिजले होते. पलीकडच्या उतारावर त्याच्या बहिणीचं शेत होतं. अर्धा तास शेकून येतो, असं तो स्वतःशी म्हणाला.

कुत्रा आत राहिला आणि जाणं भागच असलं, तर अंगातला कोट बिळाच्या तोंडाशी टाकून जायचं, हा इथला रिवाज. कुत्रा बाहेर येतो, धन्याच्या वासावर अंग टाकतो, आणि सकाळपर्यंत हलत नाही. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. हेडलीने कोट काढायला बटणाला हात घातला होता. वारा लागला. कोट नवा आहे, त्याला माझा वास कुठे लागलाय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने बटण परत लावलं. आत जुना लोकरी स्वेटर होता, सहा वर्षं वापरलेला. तो काढण्याचा विचारही त्याने केला नाही.

बहिणीने मटण-बटाट्याचं गरम भांडं पुढे ठेवलं. तो जेवला, चुलीपाशी टेकला आणि उजाडल्यावर जागा झाला.

रात्री बर्फ भुरभुरला होता. वर पोहोचल्यावर हाक मारण्याआधीच त्याचं लक्ष खाली गेलं. बिळाच्या तोंडातून पावलं बाहेर आली होती. तोंडाभोवती ती इतक्या वेळा फिरली होती की बर्फात गोल वाट पडली होती. एका जागी, धोंड्याच्या आडोशाला, बसल्याचा लहानसा खळगा होता, तळाशी वितळून पुन्हा गोठलेला. तिथून पावलं त्याच्याच उतरणीच्या दिशेने निघाली होती, आणि त्याच्या खुणा बुजल्या होत्या तिथे उजवीकडे वळून कड्यावर संपली होती.

ती कड्याखाली सापडली. त्याने तिथेच दगड रचून तिला झाकलं. मग वर आला आणि बुटाने ती गोल वाट पुसली. तो खळगाही पुसला.

दहा वाजता माणसं आली. तो गुडघ्यांवर होता, पहार हातात. जोस फॉसेटने, म्हणजे स्टॅनच्या बापाने, विचारलं, "रात्रभर इथेच होतास?"

"ती आत गेली," हेडली म्हणाला.

एवढंच म्हणाला. जोसने आपला कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला. मग सहा माणसांनी दोन दिवस रिकाम्या ढिगाऱ्यातले धोंडे उचलले. हेडलीने आयुष्यभर दगड उचलले होते. एका माणसाच्या एका दिवसात किती वजन हलतं हे त्याला नेमकं माहीत होतं. त्या दोन दिवसांत पंचवीस टन तरी हलले असतील. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडा सरकला आणि जोसचं बोट गेलं. त्या दोन्ही रात्री हेडली तिथून हलला नाही. सगळ्यांनी ओढलं तरी हलला नाही.

स्टॅन येऊन गेल्यावर सोमवारी हेडली बाईंकडे गेला. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, गुडघ्यांवर घोंगडी.

"हेडली, तू पुस्तकं गाळतोस असं ऐकलं," बाई म्हणाल्या.

तो बसला नाही. टोपी हातात धरून त्याने सगळं सांगितलं, कोटाचं, जेवणाचं, पावलांचं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सव्वीस वर्षं त्याला वाटत होतं की हे सांगायला फार वेळ लागेल.

बाईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"मी तुला विचारलं होतं. तू त्याच खुर्चीत होतास. किती रात्री, असं विचारलं होतं."

"हो बाई."

"तू काय म्हणालास?"

"काही नाही म्हणालो. चुलीकडे पाहत होतो."

"मला वाटलं, दुःखाने बोलत नाहीस. म्हणून मी लोकांना विचारून लिहिलं." त्यांनी घोंगडी सारखी केली. "टेबलाचा खालचा खण उघड. निळ्या दोऱ्याचं पुडकं आहे, त्यातलं वरचं पत्र."

पत्र दरॅमकडच्या एका कोळसा खाणवाल्याचं होतं, चौऱ्याहत्तर सालचं. त्याने लिहिलं होतं, 'कुत्रा आत अडकून दुसरी रात्र होती. मी घरी निघालो होतो. तुमच्या पुस्तकातला तो माणूस आठवला आणि परत फिरलो. पहाटे कुत्रा बाहेर आला. त्या माणसाला माझा नमस्कार कळवा.'

"तुला द्यायचं राहून गेलं," बाई म्हणाल्या. "घर बदललं, मग माझंच आजारपण. राहूनच गेलं."

हेडलीने पत्र घडी घालून परत ठेवलं. बाईंनी चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

"बाई, हे बरं झालं असं म्हणू नका."

"नाही म्हणत. त्या माणसाचा कुत्रा आला हे बरं झालं. तुझं ते वेगळं." त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तू माझ्या पुस्तकात खोटं घातलंस, हेडली. वर्गात मी तुला पट्टीने मारलं असतं. आता हात उचलत नाही. तूच दुरुस्त कर. आणि नीट अक्षरात."

बुधवारी स्टॅन आला तेव्हा कागद टेबलावर होता. आठ पुस्तकं. आठव्यापुढे लिहिलं होतं: 'सगळ्यांत आधी हे घ्या. एकशे बारावं पान चुकीचं आहे. पहिल्या रात्री तो माणूस बहिणीकडे जाऊन झोपला. कोटही ठेवला नाही. कुत्री बाहेर आली होती, वाट पाहून गेली आणि कड्यावरून पडली. सकाळी त्याने पावलं पुसली. नंतर सहा माणसांनी दोन दिवस रिकामं बीळ उकरलं, जोस फॉसेटचं बोट त्यात गेलं. तो माणूस मी. हेडली थॉर्नबरो.'

स्टॅनने उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं.

"रिकामं," स्टॅन म्हणाला.

"हो."

"बापाने विचारलं होतं तुला?"

"विचारलं होतं. कोटही दिला होता, स्वतःचा."

स्टॅनने कागदाची घडी केली आणि पोस्टाच्या पिशवीत टाकली. चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात थांबून, पाठमोराच म्हणाला, "छापतो."

"छाप."

मेळाव्याला हेडली गेला. न जाणं सोपं होतं, म्हणूनच गेला. सकाळपासून पत्रक हातोहात फिरत होतं. दरवर्षी कुंपणापाशी उभा राहिला की दहा मिनिटांत त्याच्याभोवती माणसं जमत, कुणी कुत्र्याचे दात दाखवी, कुणी पंजा. यंदा माणसं लांबूनच मान हलवत आणि पुढे जात. जोसबरोबर धोंडे उचलणाऱ्यांपैकी दोघे अजून हयात होते. एकाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसरा जवळ आला, त्याच्याकडे काही वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "दोन दिवस, हेडली. माझी पाठ तेव्हापासून धरली आहे." उत्तराची वाट न पाहता तो चहाच्या तंबूकडे गेला.

बाई खुर्चीत होत्या. पान कुणी वाचलं नाही. स्टॅनने माईकवरून नुसते निकाल सांगितले.

दुपारी, टेरियरांच्या शर्यती चालू असताना, शहरातून आलेली एक स्त्री त्याच्यापाशी आली. हातात पत्रक, काखेत चार महिन्यांचं पिल्लू. ती खोऱ्यात नवी होती, तिला हेडलीचं नाव फक्त या कागदावरच भेटलं होतं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?" तिने विचारलं. "त्या कोटाचं मला नीट कळलं नाही. कसला कोट ठेवायचा? लोकरीचा की मेणकापडाचा?"

हेडलीने पिल्लाकडे पाहिलं. त्याने तिच्या बाहीत नाक खुपसलं होतं.

"अंगात असेल तो," तो म्हणाला. "आणि आतला स्वेटरही."