पंधरा माणसं आणि तुरीच्या शेंगा

आमच्या वरच्या क्वार्टरमधल्या काकू नसत्या, तर भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या टॉकीजमधला शुक्रवारचा तीनचा शो केव्हाच बंद पडला असता. हे मी एकटी म्हणत नाही. टॉकीजचे मॅनेजरही म्हणायचे, फक्त काकूंसमोर नाही. त्या टॉकीजचा एक नियम होता. पंधरा माणसं जमली तरच पिक्चर सुरू व्हायचा. चौदा झाली, तर पैसे परत आणि माणसं घरी. घरोघरी डिश लागल्या, गाडीवाले नागपूरला पिक्चर बघायला जाऊ लागले, आणि पंधरा हा आकडा आमच्याकडे हळूहळू मोठा होत गेला. बाकीचे लोक शुक्रवारी एकमेकांना विचारत, ‘कोणता पिक्चर लागला?’ काकू विचारायच्या, ‘किती झाले?’ पिक्चर कोणता, हे त्यांना बहुधा इंटरव्हलमध्ये कळायचं.

काकू आमच्या कॉलनीजवळच्या दारूगोळा फॅक्टरीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. तीसेक वर्षं लोकांची लाइन जोडून देण्यात गेल्यामुळे, माणसं एकमेकांना जोडलेली नसली की त्यांना चैन पडत नसे. दोन वाजता पहिली शिफ्ट सुटायची, फॅक्टरीची बस त्यांना जवाहरनगरच्या आमच्या कोपऱ्यावर सोडायची, आणि घरी न जाता त्या जिन्याच्या तळाशी उभ्या राहून चारही मजल्यांना हाका मारायच्या. ‘अवं, येतं का नाही? अकरा झाले!’ कोणी नाही म्हटलं तर लाइन लागली नाही असं धरून त्या पुन्हा हाक मारायच्या. तिसऱ्या हाकेला माणूस चपला घालून भंडाऱ्याच्या बसकडे निघत असे. मी तर पहिल्याच हाकेला सापडायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेज संपवून परीक्षांच्या पुस्तकांमागे लपून बसलेली, घरातही मोजकं बोलणारी मुलगी म्हणजे काकूंच्या दृष्टीने तयार तिकीट. ‘मले ही पोरगी आवडते,’ त्या माझ्या आईला सांगायच्या. ‘नाही म्हणायले हिले तोंडच नाही.’ दरवेळी मी शेवटची मोजली जायचे, म्हणून त्यांनी माझं नाव पंधरावी ठेवलं. सात वर्षांत मी त्यांच्याशी ‘हो काकू’ याच्या पलीकडे फारसं काही बोलले नसेन. त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

तीनला पाच कमी असताना मॅनेजर फाटकाशी येऊन बोटाने माणसं मोजायचे. तेव्हा काकूंची खरी परीक्षा असायची. काका, म्हणजे काकूंचे यजमान, रिटायर झालेले, पिक्चरचा तिटकारा असलेले सज्जन गृहस्थ. ते केवळ आकड्यासाठी आणले जात आणि आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत झोपत. पण एकदा ते फाटकाशी उभ्या उभ्याच पेंगायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. ‘साहेब मोजून राहिले ना! आत गेल्यावर मिटा डोळे.’ एकदा तेराच झालो. काकूंनी तळमजल्यावरच्या सुनेला पुढे केलं.

‘हिले सातवा हाय. हिचे दोन धरा.’

‘मग पोटातल्याचं तिकीट काढा,’ मॅनेजर म्हणाले.

काकूंनी खरंच काढलं. चौदा झाले. पंधरावा म्हणून त्यांनी स्वतः मॅनेजरांनाच खुर्चीवर बसवलं. पुढे ते बाळ झालं तेव्हा बारशाला काकूंनी त्याच्या पाळण्यात ते अर्धं तिकीट ठेवलं होतं. ‘यानं जन्मायच्या अगोदर शो वाचवला,’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

पण काकू टॉकीजमध्ये रिकाम्या हाताने बसत नसत. त्यांच्याबरोबर कापडी पिशवी असे आणि तिच्यात हंगामाप्रमाणे काम. उन्हाळ्यात फोडायची चिंच, पावसाळ्यात लसूण, आणि थंडीत तुरीच्या हिरव्या शेंगा. दिवे गेले की पिशवी रांगेतून फिरायची. जी ती मूठभर शेंगा पदरात घ्यायची आणि अंधारात टक टक असा बारीक आवाज सुरू व्हायचा. पिक्चर रंगला की हात थांबत, कंटाळवाणा असला की झपाझप चालत. यातूनच पिक्चर वजनावर तोलायचं काकूंचं शास्त्र निघालं. परत आल्यावर कॉलनीच्या बसस्टॉपवरच्या बायका विचारत, ‘काकू, किती?’ काकू पिशवी हातात तोलून सांगत, ‘दीड किलो.’ म्हणजे कोणी जाऊ नका. ‘पावभर’ म्हणजे उद्याच जा, डबे लवकर करा. वर्तमानपत्रात पिक्चरला दिलेले तारे आमच्या कॉलनीत कोणी वाचत नसे. शास्त्र एकदाच चुकलं. भुताचा पिक्चर होता, सगळ्यांनी घाबरून भराभरा सोललं, आणि आठवडाभर घरोघरी भाजीत टरफलं निघाली. ‘त्या पिक्चरचं वजन धरू नका,’ काकूंनी जाहीर केलं. ‘भेवाचं वजन वेगळं असते.’

मग जानेवारी आला आणि काकूंच्या नोकरीचा शेवटचा महिना. मुलगा पुण्याला होता, क्वार्टर सोडायचं होतं, सामान पोत्यांत भरून झालं होतं. फॅक्टरीत हार घातले गेले, भाषणं झाली, घरात भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी सगळ्यात शेवटी उतरवायच्या असं ठरलं. काकू कुठेच रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘शेवटचा शुक्रवार मले माह्या रांगेत बसून पाहायचा हाय. बाकी काही नको.’

त्या शुक्रवारी नेमकं तळमजल्यावर लग्न निघालं, दोघींची मुलं तापाने आजारी पडली, आणि फाटकाशी आम्ही चौदाच जण उभे होतो. मॅनेजरांनी दोनदा मोजलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण स्वतः बसायची त्यांची सोय नव्हती, त्या दिवशी मालक आले होते.  सात वर्षांत पहिल्यांदा काकू कोणालाच हाक मारत नव्हत्या. नुसत्या शेंगांच्या पिशवीची गाठ चाचपत उभ्या होत्या. मला ते बघवेना. मी रस्ता ओलांडून बसस्टँडवर गेले. बाकावर मासे विकून परत निघालेली एक बाई रिकामं टोपलं घेऊन अड्याळच्या बसची वाट पाहत होती.

‘मावशी, आपण चित्रपट पाहायला याल का?’ मी शाळेतल्या मराठीत विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ‘कोणाले म्हनतं? मले? कायले?’

‘एक माणूस कमी पडतंय. आमच्या काकूंचा शेवटचा...’

‘अगं माय! मेली का बाई?’

‘नाही. रिटायर झाल्या.’

‘मंग तू रडून काहून राहिली?’

मी रडते आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. तिने टोपलं उचललं. ‘चाल. बस तं रोजच जाते.’ फाटकाशी मॅनेजर म्हणाले, टोपलं बाहेर ठेवा. ती म्हणाली, ‘कुत्र्यानं नेलं तं तू देशील का नवं?’ मॅनेजरांनी तिच्याकडे बोट केलं. पंधरा.

पिक्चर वाईट होता. इतका, की एरवी रांगेने दोन किलो शेंगा सहज सोलल्या असत्या. मी अंधारात टक टक आवाजाची वाट पाहत बसले. आवाज आला नाही. काकूंनी पिशवी फिरवलीच नाही. पडद्याकडे बघत, गाठीवर हात ठेवून त्या शेवटपर्यंत बसून होत्या. काकासुद्धा त्या दिवशी झोपले नाहीत. मासेवाल्या मावशी तेवढ्या मनापासून हसत होत्या.

बसस्टॉपवर बायका उभ्याच होत्या. ‘काकू, किती?’ काकूंनी पिशवी वर धरली. गाठ जशीच्या तशी. ‘एकही नाही सोलली,’ त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. आमच्या शास्त्राप्रमाणे याहून चांगला पिक्चर आजवर झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिकडे काकूंचा ट्रक निघाला आणि इकडे अख्खी कॉलनी बसमध्ये चढून टॉकीजला गेली. आत माणूस मावेना. तीन तास सगळ्यांनी तो भयंकर पिक्चर सहन केला आणि काकूंना कोणीही काही कळवलं नाही.

आता काकू दर शुक्रवारी दुपारी पुण्याहून फोन करतात. तिथल्या टॉकीजमध्ये मुलाने नेऊन सोडलं होतं, गेटवर शेंगा काढून घेतल्या. ‘अन् सांगू का पंधरावी, आत आमी दोघंच होतो, मी अन् हे. तरी पिक्चर चालू झाला वं! कोणी मोजलंच नाही आमाले.’ हे त्यांनी मला आतापर्यंत चार वेळा सांगितलं आहे. दरवेळी मी ‘हो काकू’ म्हणते.

गेल्या शुक्रवारी फोन आला तेव्हा मी टॉकीजच्या फाटकाशीच होते.

‘किती झाले?’

‘अकरा.’

 

‘मंग माह्याशी काय बोलून राहिली?’ काकू ओरडल्या. ‘ठेव ना फोन!’

मी फोन ठेवला आणि रस्ता ओलांडून बसस्टँडवर गेले.