ओल्या काचेवरचे आप्पा

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने फोटो काढायचा नाद लागला. लाकडी कॅमेरा, वर काळं फडकं आणि फिल्मच्या जागी काच. काचेवर औषध ओतायचं आणि ती ओली असतानाच फोटो घ्यायचा. दिवाळीला हे सगळं सामान घेऊन तो टेंभुर्णीला आला. न्हाणीच्या फटी गोणपाटाने बुजवून त्याने अंधारी खोली केली. मीही माहेरी आले होते.

त्याला आप्पांचा फोटो हवा होता. आमच्या वडलांना कंपवात. हात सारखे हलायचे. चहासुद्धा मी बशीने पाजायचे. या फोटोला आठ सेकंद बिलकुल हलायचं नव्हतं. पहिल्या काचेवर हातांच्या जागी नुसता धूर उमटला. दुसरीवरही तेच.

"बांध जरा," दादा मला म्हणाला.

मी जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या फाडल्या, आप्पांची मनगटं खुर्चीला आवळली आणि गाठी दिसू नयेत म्हणून सदऱ्याच्या बाह्या पुढे ओढल्या.

"जनावर बांधून राह्यली का गं?" आप्पा म्हणाले.

मला हसू आलं. दादाही हसला.

"मला जरा जाऊन येऊ द्या. मंग काढा."

"काच वाळून जाईल, आप्पा. आता एकच."

दादाने भिंगावरचं झाकण काढलं आणि मोठ्याने आकडे मोजायला लागला. पाचाला आप्पांचं धोतर ओलं झालं. मला दिसलं, त्यालाही दिसलं असणार. त्याने आठपर्यंत मोजलं. मी थांबवलं नाही.

फोटोत कमरेखालचं काही आलं नाही. चेहरा कोरल्यासारखा, हात शांत. संध्याकाळी दादाने काच त्यांच्यासमोर धरली.

"हे हात कोणाचेत?"

"तुमचेच की."

आप्पांच्या मनगटांवरचे वळ अजून लाल होते.

"बराबर हाय. मेल्यावर हाच लावा."

माघात ते गेले. आम्ही तोच लावला. पुढे दादाने तो पुण्यात एका प्रदर्शनातही ठेवला. किती समाधानी चेहरा, मोबाईलमध्ये असं येतच नाही, असं लोक म्हणाले.

माझ्या मोबाईलमध्ये आप्पांचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. चहा सांडताना, बोलता बोलता हसताना. ते मी कोणाला दाखवत नाही. मुलांना आजोबा दाखवायचे झाले की काचेवरचेच दाखवते. त्यात ते छान दिसतात.