मामंजींचे विलायती गुलाब

माझे सासरे आष्टीच्या तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे अंमलदार होते. निजामाच्या राज्यात पेशकार म्हणजे काही नवाब नव्हे, पण हे त्यांना सांगणार कोण? एकदा कचेरीच्या कामाला औरंगाबादेला गेले, तिथे कुण्या बड्या साहेबाच्या बंगल्यापुढे गुलाब पाहिले आणि परतले ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेली विलायती गुलाबाची कलमं घेऊनच.

"बगीचा म्हंजे घराची इज्जत हाय," ते म्हणाले.

आष्टीत! जिथे उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला घागर नीट बुडत नाही, तिथे या गृहस्थांनी घराची इज्जत गुलाबाच्या काटकीवर टांगली.

मला वाटलं, परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढतं तसेच गुलाबही वाढतील. पण आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सोवळं कडक. ज्या झाडाची फुलं देवाला वाहायची, त्याला न्हाणीचं किंवा खरकटं पाणी चालत नसे. विहिरीचं ताजं पाणीच हवं, आणि तेही घरच्या बाईने ओढलेलं. आत्याबाईंची कंबर धरलेली, म्हणजे घरची बाई मी. गडी होता, तो लिंबाच्या सावलीत बसून माझ्या खेपा बघायचा. एवढं करून देवाला एक पाकळी मिळाली म्हणाल तर तीही नाही. तहसीलदारसाहेब कधीतरी घरी येतील, त्यांनी बाग भरलेली बघावी, म्हणून मामंजी फुलाला हात लावू देत नसत. पाणी देवाच्या नावाने, फूल साहेबाच्या नावाने आणि कंबरडं माझं.

दुसऱ्या वर्षी माघात माझा भाऊ मला न्यायला आला. आमचं माहेर धर्मापुरीचं, परळीकडचं. गाडीने मोठा पल्ला. तो ओसरीवर बसून मामंजींना म्हणाला, "आईची नजर चाललीय. पुरती जायच्या आत लेकीला एकदा डोळा भरून बघायचंय म्हणती."

मामंजींनी अडकित्त्याने सुपारी कातरली. "इचारता ते ठीक हाय. पण ही गेली तर गुलाब वाळतील. बगीचा आपल्या पायावर उभा ऱ्हाऊ द्या, मग खुशाल न्या."

माझे यजमान तिथेच होते. वडिलांसमोर ते जेवायला तोंड उघडत, तेवढंच. भाऊ भाकरी खाऊन रिकामी गाडी घेऊन परत गेला. मी दाराआडून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि मग पाण्याला गेले.

चैत्रात तहसीलदारसाहेब खरोखरच जेवायला आले. पुरणपोळ्या झाल्या, तूप झालं. साहेब हात धुवायला अंगणात उतरले, इकडे तिकडे बघितलं आणि सगळ्यात टपोऱ्या फुलाच्या गुलाबाशी जाऊन उभे राहिले. तांब्याभर पाण्याने खळखळून चूळ भरली आणि टाकली ती थेट गुलाबाच्या बुडात. मग पुढच्या झाडावर हात धुतले. मामंजी त्यांच्या पाठीशी हात जोडून, "हुजूर, हे गुलाब..." साहेब म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि विडा तोंडात घालून निघून गेले. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसले. इतकी त्या घरात मी आधी कधीच हसले नव्हते.

आत्याबाईंनी निकाल दिला, "उष्टी झाली समदी. आता इहिरीचा थेंब न्हाई."

सोवळ्यापुढे पेशकारी चालत नव्हती आणि साहेबाला दोष देण्याची तर छातीच नव्हती. गड्याला न्हाणीचं पाणी घालायला सांगितलं. त्याने ते जमेल तसं, म्हणजे आठवेल तेव्हा घातलं. वैशाखात गुलाबांच्या काड्या झाल्या.

मला वाटलं, सुटले. पण मामंजींचं नवीनच, "उजाड अंगण टाकून सून माहेरी गेली, असं लोक म्हणतील."

मग मी स्वतःच झाडं निवडायची ठरवली. आमच्या विहिरीमागच्या माळावर धनगरांची शेरडं दिवसभर चरत. वैशाखात त्या माळावर जे हिरवं उरलं होतं, त्याला ना पाणी मिळालं होतं, ना शेरडांनी तोंड लावलं होतं. तेच माझ्या कामाचं. कण्हेर, तरवड आणि काटेरी कोरांटी. जास्वंद नको म्हटलं, तिला पाणी लागतं. मोगरा मला जिवापाड आवडायचा, तोही नको म्हटला. पाणी मागणाऱ्या कशावर माया करायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

मामंजींनी नाक मुरडलं, "ही तर बांधावरची झुडपं."

"व्हय मामंजी," मी दाराआडून म्हणाले, "बांधावर त्यांला कुणी पाणी घालीत न्हाई."

कण्हेर महादेवाला चालते म्हणून आत्याबाई खूश झाल्या. पाऊसपाणी सुरू झाल्यावर मी फांद्या लावल्या, रोपं लावली. आषाढात भाऊ पुन्हा आला, तर मामंजी म्हणाले, अजून मुळं धरली नाहीत. तो पुन्हा रिकामा गेला. दसऱ्याला तरवड पिवळाधमक फुलला, कण्हेरीला कळ्या आल्या, आणि पेशकारसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "आमी लावलंय. मेहनत लागती बगीच्याला." मेहनत! त्यांनी त्या झाडांना तांब्याभर पाणीही घातलं नव्हतं. अर्थात त्यांना ते लागतही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला भाऊ आला तेव्हा मामंजींजवळ सबब उरली नव्हती.

धर्मापुरीला आई ओट्यावर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिने तोंड वळवलं, पण बघितलं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. मी जवळ बसले. तिने माझे हात हातात घेतले, तळव्यावरचे दोराचे घट्टे चाचपले आणि भावाला म्हणाली, "ही कोण आणलीस रे? हे माझ्या लेकीचे हात न्हाईत."

मी तिचे हात उचलून माझ्या तोंडावर ठेवले. मग ती रडली.

"उन्हाळ्यापातूर तोंडं दिसत व्हती गं," ती म्हणाली.

आजही कुणी हौसेने अंगणात गुलाब लावतो म्हटलं, की मी त्याचं कौतुक करत नाही. मी एवढंच विचारते, पाणी कोण घालणार?