बाटुमीत कुणाचं हॉटेल भारी?

कुवेतमध्ये वाळू आणि किस्से दोन्ही सारखेच. कितीही झाडा, शुक्रवारपर्यंत घरात पुन्हा साठलेले असतात! सलव्यातल्या आमच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी सकाळी पोह्यांची परात निघते, आणि ती रिकामी होईपर्यंत निदान तीन नवे किस्से जन्माला येतात. पण गेल्या ईदच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियातल्या बाटुमीला गेलो. तिथून आणलेला माल वर्षभर पुरेल.

आमचा कंपू लहान. माझा नवरा नितीन, नाशिकचा, पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. त्याच प्लँटमधले श्रीरंग कुलकर्णी, पुण्याचे, प्लॅनिंगवाले. आणि तिसरे परब, मालवणकडचे. प्लँटमध्ये कामासाठी लोखंडी परांच्या बांधतात ना, त्यांचे फोरमन. जलीबच्या कामगारवस्तीत राहतात आणि दर गणपतीला आमच्याकडचं मखर उभं करून देतात. आमच्या मखरावर माणूस चढला तरी ते हलणार नाही!

बाटुमी म्हणजे समुद्र, चार पावलांवर एक कॅसिनो आणि दोन कॅसिनोंच्या मध्ये हॉटेल. सगळे एकत्र उतरू, असं ठरत होतं, तेवढ्यात कुलकर्णींनी लॅपटॉप उघडला. अकरा हॉटेलं, चौदा कॉलम! नितीन म्हणाला, "हॉटेल कशाला? अपार्टमेंट घेऊ." कुलकर्णी म्हणाले, "अहो, सुट्टीत जाऊन पुन्हा कुकरच लावायचा का?" पोहे गार झाले, पण दोघं हटेनात. शेवटी ठरलं की ज्याने त्याने आपापलं बुक करायचं, शेवटच्या दिवशी मार्क द्यायचे, आणि जिंकेल त्याने पुढच्या वर्षीचं ठिकाण ठरवायचं.

"परब, तुमचं काय?" मी विचारलं.

परबांच्या लग्नाला बावीस वर्षं झालीत. त्यातली एकोणीस कुवेतमध्ये, एकट्याने. सुट्टीवर गावी गेले की घरात आई, दोन भाऊ, त्यांचा संसार, पाहुणेरावळे. ते म्हणाले, "माका व्ह्यू नको, बुफे नको. सुनंदाक बोलावतंय. ती नि मी. पाच दिस. तिसरो कोण नको."

एवढं बोलून ते स्वतःच लाजले आणि पोह्यांवर लिंबू पिळत बसले. मला अगदी मनापासून वाटलं, मार्क गेले खड्ड्यात, या माणसाला हे पाच दिवस मिळायलाच हवेत.

* * *

आम्ही सकाळी पोचलो. सुनंदावहिनी दुपारी येणार होत्या, मुंबईहून, मध्ये एक विमान बदलून. जन्मातला पहिला विमानप्रवास, तोही एकटीने!

परब इस्त्रीचा शर्ट घालून विमानतळाच्या दाराशी उभे. वहिनींच्या विमानातली सगळी माणसं बाहेर आली, पांगली. वहिनींचा पत्ता नाही. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. परबांच्या शर्टाची इस्त्री घामाने मोडली.

आणि मग दार उघडलं. नऊवारी नाही, काही नाही, साधी गुलाबी साडी, पायात स्पोर्ट्स शूज, आणि ट्रॉली ढकलत बाई आल्या त्या थेट आमच्या प्लँटचा मुदीर, म्हणजे मोठा साहेब, राउंडला निघाल्यावर येतो तशा!

"इलंस?" परब म्हणाले.

"इलंय," वहिनी म्हणाल्या.

संपलं! आम्ही फुलं घेऊन, मोबाईलचे कॅमेरे लावून उभे होतो.

"वहिनी, आत काही त्रास झाला का?" अदितीने, म्हणजे कुलकर्णींच्या बायकोने विचारलं.

"त्या सायबान कायतरी इचारल्यान. माका काय कळाक नाय. मंगळसूत्र दाखवलंय नि भायर बोट केलंय. तो हसलो नि शिक्को मारल्यान."

"मग एवढा वेळ?"

"बॅगेत कुळथाची पिठी होती. ती कशी करतत, ता तेंका हातान करून दाखवलंय."

* * *

विमानतळावरून आधी परबांच्या मुक्कामी गेलो, सामान टाकायला. परबांनी स्वतः मोबाईलवर बुकिंग केलं होतं आणि कुणाला दाखवलंही नव्हतं. सरप्राईज!

आता जलीबची एक रीत सांगायला हवी. तिथे एकटा माणूस खोली भाड्याने घेत नाही, बेड घेतो. एका खोलीत दहा जण, ज्याचा त्याचा बेड हेच ज्याचं त्याचं घर. एकोणीस वर्षं माणसाने जागा तशीच शोधली असेल, तर तो आणखी कशी शोधणार? परबांनी बाटुमीतही बेडच शोधले. स्वच्छ, समुद्राजवळ, चांगले दोन बेड.

रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला वर नेलं. खोलीत वर-खाली असे आठ बेड. सहांवर पाठीवर घर घेऊन फिरणारी तरुण पोरं-पोरी पसरलेली. सातवा परबांचा, आठवा वहिनींचा!

कुलकर्णी हसायला लागले आणि मध्येच थांबले.

परबांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून ते हात चालवायला लागले. पिशवीतून सुतळी काढली, चादर काढली, चार चिमटे. दोन मिनिटांत खालच्या बेडला पडदा! उशाशी चार्जर टांगला, दांडीवर टॉवेल, बेडखाली चपला एका रेषेत. हात इतके सरावलेले की डोळे मिटूनही जमलं असतं.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. गावी त्यांना एवढंच माहीत होतं की कंपनीची खोली आहे, एसी आहे.

"थंय असेच रवतास?" त्यांनी विचारलं.

परब म्हणाले, "होय."

"किती जण?"

"धा."

वहिनींनी आपल्या बॅगेतून चादर काढून परबांच्या हातात दिली. "वरच्याकय पडदो बांधा. मी वर झोपतंय."

मी पाणी आणायच्या निमित्ताने खाली गेले आणि रस्त्यावर उभी राहून रडले. लाज कसली त्यात!

नितीन आणि कुलकर्णी लगेच फोन काढून खोली बघायला लागले. पण परब ऐकतील तर ना! "चूक माजी. कोणाकडसून घेवचंय नाय." वहिनींनीही मान हलवली. विषय खल्लास. तिसरा कोणी नको म्हणणाऱ्या माणसाच्या खोलीत आणखी सहा जण!

* * *

आता आमची शान ऐका. आमचं अपार्टमेंट होतं सोळाव्या मजल्यावर, आणि तिथल्या लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं. नाणं टाका, मग लिफ्ट हलते. तिथली जुनी पद्धत आहे म्हणे.

नितीन भडकला. "भाडं घेतलंय ना? मग लिफ्टला वेगळं कशाला?" तत्त्वाचा प्रश्न!

आमचा ईशान कुवेतमध्येच वाढलाय, त्याला या तत्त्वांची सवय नाही. "बाबा, इट्स लिटरली अ कॉइन!"

पहिल्या दिवशी नितीन जिन्याने सहाव्या मजल्यापर्यंत चढला आणि तिथे बसला. दुसऱ्या दिवशी त्याने युक्ती काढली. खाली मोबाईल बघत उभं राहायचं, चौदाव्या मजल्यावरच्या आजी भाजी घेऊन आल्या की हसून त्यांच्या मागोमाग आत शिरायचं. आजी नाणं टाकणार, आणि हा उरलेले दोन मजले जिन्याने जाणार. वर आला आणि मला विजयी मुद्रेने म्हणाला, "फुकट!"

तिसऱ्या दिवशी आजी लिफ्टमध्ये शिरल्या, दार पायाने अडवून धरलं आणि नितीनपुढे हात पसरला. आमचे साहेब खिसे चाचपायला लागले. आजींनी एक बोट वर केलं, मग दुसरं. मागची बाकीही वसूल!

* * *

कुलकर्णींचं हॉटेल मात्र खरंखुरं पाच ताऱ्यांचं. खाली कॅसिनो, वर खोल्या, खोलीतून समुद्र. कधी एकदा दाखवतो असं त्यांना झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर कुलकर्णी कॉरिडॉरमध्ये, हातात कॉफीचा कप. शेजारी त्यांची लेक सई गालिच्यावर फतकल मारून बसलेली.

"या, या! व्ह्यू बघायला ना? जरा थांबा, अदितीची अंघोळ चाललीय."

मला कळेना. अंघोळ आत, मग हे बाहेर का?

सईच म्हणाली, "मावशी, द बाथरूम इज ग्लास. ऑल फोर वॉल्स!"

खोलीच्या मधोमध काचेची पेटी, आणि पेटीत शॉवर. पडदा होता, पण तो रिमोटवर चालणारा, आणि रिमोट मेलेला. त्यामुळे एकाची अंघोळ म्हणजे दोघांची हद्दपारी! कुलकर्णींच्या त्या चौदा कॉलमांत बाथरूमचाही कॉलम होता. तिथे त्यांनी 'मॉडर्न' असं लिहून दहापैकी दहा दिले होते.

"रिसेप्शनला सांगा की," मी म्हटलं.

"सांगितलं. ते म्हणाले, आजवर कुणी तक्रार केली नाही!"

* * *

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळेच कुलकर्णींच्या हॉटेलात जमलो. परब आणि वहिनीही होते. दोघं हसत होते, पण दोन रात्री त्या पडद्यांत काढल्याचं डोळ्यांवर दिसत होतं.

लॉबीत एक भलंमोठं बक्षिसांचं चाक होतं. हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एकदा फिरवायचं कूपन. कुलकर्णींनी आपलं कूपन तीन दिवस पाकिटात जपून ठेवलेलं, योग्य वेळ यावी म्हणून. प्लॅनिंगवाले ना! अदितीने ते सरळ काढून घेतलं आणि वहिनींच्या हातात दिलं.

"वहिनी, तुम्ही फिरवा!"

"माका काय जमता!" म्हणत वहिनींनी चाकाला नमस्कार केला, पदर खोचला, आणि जात्याचा खुंटा ओढावा तसं चाक ओढलं. गरगर फिरून काटा थांबला, आणि एकदम भोंगा! वर लाल दिवे गरगरायला लागले. कानठळ्या बसतील असा आवाज.

आमच्या तिन्ही पुरुषांचं काय झालं माहितीये? प्लँटवर असा भोंगा झाला की गॅस सुटला असं समजायचं, वाऱ्याची दिशा बघायची आणि पळापळ न करता जमण्याच्या जागी चालत जायचं. वर्षानुवर्षं दर महिन्याला तालीम! कुलकर्णींनी काचेतून बाहेरच्या झेंड्यांकडे बघितलं, वारा ओळखला, हात वर करून दिशा दाखवली. तिघं एकामागून एक, शिस्तीत, दारातून बाहेर! मी काचेतून बघतेय तर पार्किंगमध्ये रांगेत उभे, आणि नितीन हजेरी घेतोय.

तीनच भरले. बायका-पोरं आत! त्याबद्दल तिघांनाही नंतर वेगवेगळा जाब द्यावा लागला, तो भाग मी इथे सांगत नाही.

सुनंदावहिनी मात्र चाकाजवळून हलल्या नव्हत्या. कोटवाला मॅनेजर टाळ्या वाजवत आला. पहिलं बक्षीस! त्याने दोन चित्रं पुढे धरली. एक नवा कोरा मोबाईल, किंवा अठराव्या मजल्यावरच्या सुईटमध्ये दोन दिवसांचा मुक्काम. दोन्हींपैकी एक. अदितीने समजावून सांगितलं.

तोवर परब ओशाळे होऊन आत आले होते. चित्र बघून त्यांना मुलगा आठवला. म्हणाले, "फोन घे. झिल कधीपासून मागता."

एकोणीस वर्षं परबांनी स्वतःला सोडून बाकी सगळ्यांसाठीच घेतलंय. आताही तेच होणार, असं वाटलं.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "झिल घेयत आपल्या पगारातसून." आणि बोट ठेवलं खोलीच्या चित्रावर, मॅनेजरला दिसेल असं, घट्ट.

अदितीने शिट्टी वाजवली. पुण्याच्या बाईने, पाच ताऱ्यांच्या हॉटेलच्या लॉबीत!

* * *

पाचव्या दिवशी सकाळी दहाला लॉबीत मार्कांची मीटिंग होती, विमान दुपारचं. कुलकर्णी लॅपटॉप उघडून बसले. नितीन लिफ्टच्या आजींचं नाव निघू नये म्हणून मुकाट. परब-वहिनी तेवढे यायचे होते. मधल्या काळात दोघं आम्हाला फक्त एकदा दिसली होती, समुद्रावर, एकच कणीस दोघांत खाताना. आम्ही हाक मारली नाही.

साडेदहा वाजले. कुलकर्णी वर जाऊन बघून आले, चेहरा गंभीर.

"गडबड झालीय. त्यांच्या दारावर लाल पाटी लटकतेय. आत येऊ नका म्हणून! वहिनींना इंग्रजी कुठे येतं? खोली झाडायला या, अशी हिरवी लावायची असेल, चुकून लाल लागली. दोन दिवस बिचाऱ्यांची खोली झाडायलाही कुणी गेलं नसेल!"

"अहो, राहू द्या ना," अदिती म्हणाली.

पण कुलकर्णी कसले राहू देतात! त्यांनी रिसेप्शनवरून खोलीत फोन लावला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. बराच वेळ घंटी वाजली. मग वहिनींचा आवाज आला.

"वहिनी, मी कुलकर्णी! अहो, तुमच्या दारावर चुकून लाल पाटी लागलीय!"

"चुकान नाय, भावजी," वहिनी म्हणाल्या. "खालच्या पोरीक इचारून लावलंय."

आणि फोन ठेवला.